नियमाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

सरकारला पूल बांधायचा असला की पैसे लागतात. अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते, निविदा निघतात, नंतर लेखापरीक्षक येऊन हिशेब मागतो. नियम करायला यातले फारसे काही लागत नाही. मसुदा, सही आणि राजपत्रातली अधिसूचना, एवढ्यावर काम भागते. गिरणीतल्या हवेत कापसाची धूळ किती चालेल, पेट्रोलमध्ये शिसे किती असावे, बँकेने ग्राहकाकडून कोणते कागद मागावेत, हे असेच ठरते. या नियमांना खर्च असतो, पण तो तिजोरीतून जात नाही. कारखानदार, ग्राहक आणि कधी कामगार तो सोसतात. फायदाही असतो, पण तो कुठल्याच वहीत जमा होत नाही. न झालेल्या आजाराची पावती कोण फाडणार?

ही वहीबाहेरची बाजू आधीच मोजून पाहायची, मग नियम करायचा, या प्रथेला परिणाम-मूल्यांकन म्हणतात. प्रगत देशांत ती आता जवळपास सगळीकडे आहे. तिची कहाणी सहसा अशी सांगितली जाते की सरकारे हळूहळू शहाणी झाली आणि पुराव्यावर चालू लागली. कागदपत्रे वेगळे सांगतात. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर ही पद्धत कोणीतरी कोणाला तरी वेसण घालण्यासाठी आणली आहे: संसदेने अभियंत्यांना, राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्याच खात्यांना, अर्थमंत्रालयाने बाकी मंत्रालयांना. गंमत अशी की वेसण घालणाऱ्यांचा हिशेब कधीकधी त्यांच्यावरच उलटला.

सुरुवात नियमांपासून झाली नाही, बांधकामांपासून झाली. फ्रान्सच्या सरकारी पूल-रस्ते खात्यातले अभियंते ज्यूल द्युप्वी यांनी 1844 मध्ये एक प्रश्न विचारला: पुलाचा उपयोग किती, हे कशावरून ठरवायचे? जमा झालेल्या टोलवरून नाही, असे त्यांचे उत्तर होते. एक नाणे टोल भरणाऱ्या माणसाची कदाचित पाच नाणी द्यायचीही तयारी असते. ती वरची चार नाणी हाही पुलाचाच लाभ, फक्त तो कुणाच्या गल्ल्यात पडत नाही. पैशात न दिसणारा लाभ पैशात मोजायची ही कल्पना पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया ठरली.

ती कामाला लागली अमेरिकेत, नद्या आणि बंदरांवर. तिथे प्रत्येक लोकप्रतिनिधीला आपल्या मतदारसंघात एखादे बंदर खोल करून हवे असे, एखादा बंधारा हवा असे. या मागण्यांना चाळणी लावायला 1902 च्या कायद्याने लष्करी अभियंत्यांचे एक तपासणी मंडळ नेमले. मग 1936 चा पूरनियंत्रण कायदा आला. त्यातले एक वाक्य या विषयात कायम उद्धृत होते: लाभ कोणालाही होवोत, ते अंदाजित खर्चापेक्षा जास्त असतील तरच संघराज्याने त्या कामात भाग घ्यावा. ‘कोणालाही होवोत’ हे शब्द महत्त्वाचे. लाभ एकाला आणि तोटा दुसऱ्याला झाला तरी बेरीज धन असली की पुरे, असा त्याचा अर्थ निघतो. तीन वर्षांनी, 1939 मध्ये, निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला तात्त्विक आधार दिला. ज्यांना फायदा झाला ते नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर बदल योग्य. भरपाई ‘करू शकणे’ पुरेसे होते, प्रत्यक्ष करण्याची अट नव्हती. परिणाम-मूल्यांकनावर आजही जी सर्वांत रास्त टीका होते, तिचे मूळ इथे आहे.

अट घातल्यावर आकडे अटीप्रमाणे यायला लागले, यात नवल नाही. धरणे बांधणाऱ्या दोन-तीन सरकारी संस्था एकमेकींच्या स्पर्धक होत्या आणि लाभ मोजायची प्रत्येकीची रीत निराळी होती. शेवटी 1950 मध्ये त्यांच्या संयुक्त समितीने समान पद्धतीची एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठाच्या रंगावरून ती ‘हिरवे पुस्तक’ म्हणून ओळखली जाते. तिने भांडणे संपली नाहीत, मात्र भांडण्याची भाषा एक झाली.

नियमांकडे हा हिशेब वळला तो 1970 च्या दशकात. 1970 ते 1972 या काळात अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था, कामगार-सुरक्षेची यंत्रणा आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा आयोग, अशा संस्था एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. हवा, पाणी, यंत्रे, खेळणी, सगळ्यांवर नियम येऊ लागले. उद्योगांनी ओरड सुरू केली आणि व्हाइट हाउसमध्ये ती ऐकली गेली. निक्सन यांच्या काळात 1971 पासून पर्यावरणाचे नवे नियम जाहीर होण्याआधी बाकी खात्यांकडे आणि अर्थसंकल्प कार्यालयाकडे फिरवले जाऊ लागले. ‘जीवनमानाचा आढावा’ असे त्याला मोठे गोड नाव होते.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहू लागला, आणि दोन्हींत गल्लत होते म्हणून तो वेगळा सांगायला हवा. 1 जानेवारी 1970 रोजी सही झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने मोठ्या सरकारी कामांआधी पर्यावरणावरील परिणामांचा लेखी अहवाल सक्तीचा केला. त्यात सगळे पैशात मांडण्याची अट नव्हती. पर्याय कोणते होते आणि कोणाचे काय बिघडणार, हे लोकांसमोर ठेवा, एवढेच मागणे होते, आणि अहवाल नीट नसेल तर न्यायालय काम थांबवू शकत होते. भारतातली 1994 ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना याच घराण्यातली. एका प्रवाहाने नागरिकाला सरकारविरुद्ध हत्यार दिले, दुसऱ्याने सरकारच्या मध्यवर्ती कार्यालयाला स्वतःच्या खात्यांविरुद्ध. दोघांच्या अहवालांची मुखपृष्ठे सारखी दिसतात, म्हणून आत एकच असेल असे समजू नये.

तेलाच्या धक्क्यानंतर महागाई भडकली, आणि 1974 च्या नोव्हेंबरात जेराल्ड फोर्ड यांनी आदेश काढला की प्रत्येक मोठ्या नियमासोबत ‘महागाईवरील परिणामाचे निवेदन’ जोडावे. कार्टर यांनी 1978 मध्ये तो आदेश बदलून मोठ्या नियमांचे आर्थिक विश्लेषण मागितले. अर्थव्यवस्थेवर वर्षाला 10 कोटी डॉलर किंवा अधिक परिणाम करणारा नियम ‘मोठा’, ही रेषा तेव्हाची. पुढची पंचेचाळीस वर्षे ती जवळपास तशीच राहिली. दरम्यान महागाईने डॉलर किती झिजवला याचा विचार केला, तर ही रेषा ओलांडणारे नियम दरवर्षी आपोआप वाढत गेले, हे लक्षात येईल.

पहिली खरी झटापट कापसाच्या धुळीवरून झाली. गिरणी कामगारांना या धुळीने फुफ्फुसांचा आजार होतो. कामगार-सुरक्षा यंत्रणेने 1978 मध्ये धुळीची कमाल मर्यादा ठरवायला घेतली, तेव्हा कार्टर यांच्या आर्थिक सल्लागारांनी खर्चाचा मुद्दा काढला. कामगारमंत्री एका बाजूला, सल्लागार दुसऱ्या बाजूला, आणि वाद राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत गेला. नियम निघाला, गिरणीमालक न्यायालयात गेले. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कामगार-सुरक्षेच्या कायद्यात खर्च आणि लाभ तोलण्याचे काम संसदेने स्वतःच केले आहे. कामगाराच्या आरोग्याला तिने वरचे स्थान दिले, आणि जे करणे शक्य आहे ते करावे अशी अट घातली. त्यामुळे यंत्रणेने पुन्हा तराजू काढण्याची गरज नाही. हिशेब कुठे करायचा आणि कुठे नाही, हे ठरवणे हाच मुळात राजकीय निर्णय असतो, हे या निकालाइतके स्वच्छ क्वचितच मांडले गेले असेल.

रेगन यांनी 20 जानेवारी 1981 रोजी शपथ घेतली आणि 17 फेब्रुवारीला आदेश क्रमांक 12291 काढला. कायद्याने परवानगी असेल तिथे, समाजाला होणारा लाभ खर्चापेक्षा जास्त असल्याशिवाय नियम करू नये. प्रत्येक मोठ्या नियमाचे विश्लेषण अर्थसंकल्प कार्यालयातल्या एका छोट्या विभागाकडे तपासणीला पाठवावे. हा विभाग आदल्याच वर्षी, सरकारी कागदपत्रांचा बोजा कमी करण्याच्या कायद्याने जन्माला आला होता. त्याला आता नियम अडवून ठेवण्याची ताकद मिळाली. उद्देश झाकलेला नव्हता. रेगन यांना नियम कमी करायचे होते. पर्यावरणवादी संघटनांनी या विभागाला नियमांचे दफनस्थान मानले, आणि फाइल तिथे महिनोन् महिने पडून राहते, कोण भेटून काय सांगून जाते ते कळत नाही, ही त्यांची तक्रार खोटीही नव्हती.

आणि मग शिशाचे प्रकरण घडले. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत, म्हणजे इंजिन ठोकत नाही. 1982 च्या सुमारास रेगन यांच्या नियम-शिथिलीकरण गटाला लहान तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी शिशाची मर्यादा सैल करायची होती. पर्यावरण संस्थेतल्या विश्लेषकांनी नव्या आदेशाप्रमाणे हिशेब मांडला. हाताशी एक विलक्षण माहिती होती: 1976 ते 1980 या काळात देशभर घेतलेले रक्ताचे नमुने. पेट्रोलमधले शिसे जसजसे उतरत गेले, तसतसे लोकांच्या रक्तातले शिसेही उतरले होते. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. मग मुलांच्या उपचारांचा आणि विशेष शिक्षणाचा वाचणारा खर्च, प्रौढांच्या रक्तदाबावरचा परिणाम, आणि शिशामुळे झिजणारे स्पार्क प्लग व धूरनळ्या यांचाही खर्च, सगळे मांडले गेले. लाभ खर्चाच्या कित्येक पटींनी भरला. 1985 मध्ये गॅलनमागे 1.1 ग्रॅमची मर्यादा आधी 0.5 वर आली आणि 1 जानेवारी 1986 पासून 0.1 वर. नियम सैल करण्यासाठी आणलेल्या पद्धतीने त्या दशकातला एक सर्वांत कडक पर्यावरण-नियम जन्माला घातला.

मला या साऱ्या इतिहासात हेच प्रकरण सर्वांत बोलके वाटते. त्यातून हिशेब निष्पक्ष असतो असे सिद्ध होत नाही. मात्र लेखी, उघड आणि आकड्यांचा आधार सांगणारा हिशेब त्याच्या मालकाचे ऐकेलच अशी खात्री राहत नाही, एवढे नक्की दिसते. रक्ताचे नमुने नसते, तर तोच हिशेब उलटाही निघाला असता.

क्लिंटन यांनी 1993 मध्ये आदेश 12866 आणला. लाभ खर्चापेक्षा ‘जास्त’ असावा याऐवजी लाभाने खर्चाचे ‘समर्थन’ व्हावे, अशी भाषा आली. पैशात न मावणाऱ्या गोष्टी, समन्याय, कोणावर भार पडतो, यांना जागा मिळाली, आणि बाहेरच्यांशी झालेल्या बैठकांची नोंद ठेवणे आले. चौकट तीच राहिली. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी कोणत्याही पक्षाचे असून ती वापरली आणि आपल्या सोयीने वाकवली.

वाकवायच्या जागा मुख्यतः दोन. पहिली, जिवाची किंमत. हा शब्दप्रयोग ऐकून माणूस दचकतो, आणि त्यात विश्लेषकांचाही दोष आहे. आधी मृत माणसाने उरलेल्या आयुष्यात किती कमावले असते, यावर किंमत ठरे. त्या हिशेबात म्हातारे आणि बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका जवळपास फुकट ठरत. 1968 मध्ये थॉमस शेलिंग यांनी प्रश्न फिरवला: कोणाचा जीव कितीचा हे विचारू नका, थोडासा धोका टाळण्यासाठी लोक किती मोजायला तयार आहेत ते पाहा. समजा एका कामात दहा हजारांमागे एक जादा मृत्यू होतो आणि त्या धोक्यापोटी प्रत्येक कामगार वर्षाला 700 डॉलर जादा पगार घेतो. दहा हजार कामगारांचे मिळून 70 लाख डॉलर झाले. हा झाला एका ‘सांख्यिकीय जिवा’चा आकडा. अमेरिकी पर्यावरण संस्थेचा बराच काळ वापरात असलेला आकडा 2006 च्या डॉलरमध्ये 74 लाख आहे, म्हणजे याच्याच आसपास. अर्थात धोक्याचे काम पत्करणाऱ्याकडे दुसरे काम असतेच असे नाही, आणि ‘तयारी’ या शब्दात गरिबी दडून बसते.

2003 मध्ये या आकड्याने संस्थेला चांगलेच अडचणीत आणले. हवेच्या प्रदूषणावरच्या एका विश्लेषणात सत्तरीपुढच्यांच्या जिवाला तरुणांपेक्षा 37 टक्के कमी किंमत लावून पाहिलेली होती. वृद्धांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि संस्थेच्या प्रमुखांना हा निकष वापरणार नाही असे जाहीर करावे लागले. आकडा परिशिष्टात लपलेला होता म्हणून तो राजकारणातून सुटला नाही.

दुसरी जागा म्हणजे सूट-दर, भविष्यातल्या डॉलरची आजची किंमत. पन्नास वर्षांनी मिळणारे 100 डॉलर 7 टक्के दराने आज साधारण 3 डॉलर 40 सेंट होतात, 3 टक्क्यांनी जवळपास 23, आणि 2 टक्क्यांनी 37. नियमात अक्षरही न बदलता निकाल फिरतो. खर्च आज आणि लाभ नातवंडांना, अशा हवामानासारख्या विषयात तर सगळा वाद या एका टक्केवारीत येऊन बसतो. अमेरिकी सरकारच्या 2003 च्या मार्गदर्शक परिपत्रकात 3 आणि 7 असे दोन्ही दर होते. बायडेन प्रशासनाने 2023 मध्ये मूळ दर 2 टक्के केला आणि मोठ्या नियमाची रेषा 20 कोटी डॉलरवर नेली. 2025 मध्ये ट्रम्प पुन्हा आले आणि दोन्ही बदल रद्द झाले.

काय मोजायचे, यावरही निकाल फिरतो. वीजकेंद्रांच्या पाऱ्यावरील नियमाचा खटला 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. वार्षिक खर्च 9.6 अब्ज डॉलर. पारा कमी झाल्याने थेट मोजता आलेला लाभ 40 ते 60 लाख. इतक्यावर थांबले तर नियम वेडेपणाचा. पण पारा अडवणारी यंत्रे सूक्ष्म धूलिकणही अडवतात, आणि त्याने टळणारे मृत्यू धरले तर लाभ 37 ते 90 अब्जांवर जात होता. ओघाने आलेला लाभ मोजावा की नाही, यावर अमेरिकेत आजही दोन तट आहेत. न्यायालयाने त्या खोलात न जाता एवढेच म्हटले की नियम करायचा की नाही हे ठरवतानाच संस्थेने खर्चाचा विचार करायला हवा होता. उलट दिशेचेही उदाहरण आहे. विमानात दोन वर्षांखालच्या बाळांसाठी वेगळी सुरक्षा-खुर्ची सक्तीची करण्याचा विचार अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने 2005 मध्ये सोडला. जादा तिकीट काढावे लागल्याने काही कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा जास्त बाळे मरतील, हे त्याचे कारण. असा विचार मसुदा लिहिताना सुचत नाही. कागदावर परिणामांची साखळी मांडायला बसल्याशिवाय तो हाती लागत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे ही प्रथा वेगळ्या वाटेने गेली. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने 1985 च्या श्वेतपत्रिकेत उद्योगांवरचा बोजा हलका करण्याचे वचन दिले आणि खात्यांना नियम पाळण्याचा उद्योगांना किती खर्च येईल ते लिहायला लावले. लाभाचा रकाना त्यात जवळजवळ नव्हताच. तो ब्लेअर सरकारच्या काळात, 1998 मध्ये आला. विश्लेषणे तपासायला 2009 मध्ये स्वतंत्र समिती नेमली गेली आणि ती खात्यांच्या कागदांवर ‘पुरेसे नाही’ असा शेरा मारू लागली. 2011 पासून मात्र पुन्हा खर्चाकडेच पारडे झुकले: एक नियम आणायचा तर तेवढ्याच खर्चाचा एक रद्द करा. 2013 मध्ये एकास दोन झाले, नंतर एकास तीन. ट्रम्प यांनी 2017 मध्ये एकास दोन आणले आणि 2025 मध्ये एकास दहा. या पद्धतीत नियमाचा लाभ कितीही असो, तो मोजणीत येतच नाही. शिशाचा नियम या चाळणीतून पार झाला असता का, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण रकानाच नाही.

नेदरलँड्सने मोजणी सोपी केली: एक अर्ज भरायला किती वेळ, त्या वेळेची मजुरी किती, वर्षातून किती वेळा, किती कंपन्या. गुणाकार करा आणि तो बोजा 25 टक्के कमी करा. युरोपभर ती रीत उचलली गेली. जर्मनीने 2006 मध्ये त्यासाठी परिषद नेमली. सोपी म्हणूनच ती चालली, आणि सोपी म्हणूनच नियम चांगला की वाईट याबद्दल ती काही सांगू शकली नाही.

युरोपीय आयोगाने 2002 मध्ये आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय असे तिन्ही परिणाम एकाच अहवालात मांडण्याची पद्धत स्वीकारली. एकच निव्वळ आकडा काढण्याचा हट्ट तिथे नाही, पर्यायांची तुलना महत्त्वाची. 2015 पासून एक छाननी मंडळ हे अहवाल तपासते आणि नापसंतीचे मत देऊ शकते. त्याचे वजन किती, हे कंपन्यांच्या पुरवठासाखळीतील मानवी हक्कांच्या प्रस्तावावेळी दिसले. मंडळाने 2021 मध्ये दोनदा प्रतिकूल मत दिले, तरी आयोगाने 2022 च्या फेब्रुवारीत प्रस्ताव आणला आणि 2024 मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने हाच कायदा सैल करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा घाईचे कारण देऊन पूर्ण परिणाम-मूल्यांकन केलेच नाही. कायदा करताना मूल्यांकनाचे ऐकले नाही, सैल करताना ते मागितले नाही.

बाकी जगात ही प्रथा नेण्याचे काम मुख्यतः पॅरिसच्या ओईसीडी या प्रगत देशांच्या संघटनेने केले. तिच्या 1995 च्या शिफारशीत मसुदा लिहिणाऱ्यासाठी दहा प्रश्नांची यादी होती. पहिला प्रश्न होता, अडचण नेमकी काय आहे ते नीट मांडले आहे का? बहुतेक कमकुवत विश्लेषणे या पहिल्याच प्रश्नावर अडखळतात, कारण उत्तर आधी ठरलेले असते. दक्षिण कोरियाने आशियाई आर्थिक संकटाच्या काळात, 1997 च्या कायद्याने ही पद्धत सक्तीची केली. अन्यत्र ती कधी कर्जाच्या अटींसोबत आली, कधी सल्लागारांसोबत, आणि बऱ्याच ठिकाणी नमुना-अर्ज भरण्यापलीकडे गेली नाही.

भारतात विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडण्याची प्रथा जुनी आहे. पण ते सरकारी तिजोरीवर किती भार पडेल एवढेच सांगते. इतरांवर काय पडेल, ते नाही. 2013 मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने वित्तीय नियामकांनी प्रत्येक विनियमाआधी खर्च-लाभ मांडावा अशी शिफारस केली. 2014 च्या धोरणाने मंत्रालयांना विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवायला आणि पर्यावरण, मूलभूत हक्क, उपजीविका यांवरचा अंदाजित परिणाम सांगायला सांगितले. ते धोरण आहे, कायदा नाही; पाळले नाही म्हणून काही अडत नाही. दूरसंचार नियामकाने कॉल मध्येच तुटल्यास ग्राहकाला एक रुपया, दिवसात जास्तीत जास्त तीनदा, देण्याचा विनियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये तो मनमानी ठरवून रद्द केला. त्याच निकालात न्यायालयाने संसदेला सुचवले की हरकती आणि सूचना मागवून त्यांना कारणांसह उत्तर देण्याची पद्धत सर्वच दुय्यम कायद्यांना लागू करावी. संसदेने तसा सर्वसाधारण कायदा केलेला नाही. दिवाळखोरी मंडळासारख्या एखाद्या नियामकाने 2018 मध्ये स्वतःहून आर्थिक विश्लेषण आणि लोकांची मते मागवणे स्वतःच्या विनियमांत घालून घेतले, तेवढीच वाट पुढे सरकली.

उरतो एक प्रश्न, आणि तो सगळ्या देशांना सारखाच अवघड जातो. आधी केलेले अंदाज नंतर खरे ठरतात का? 2000 साली तीन अमेरिकी संशोधकांनी 28 नियमांचे आधीचे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवून पाहिले. खर्च जास्त धरल्याची उदाहरणे कमी धरल्याच्या उदाहरणांपेक्षा कितीतरी अधिक निघाली. आम्ल-पाऊस रोखण्यासाठी 1990 मध्ये गंधकवायूवर मर्यादा आली, तेव्हा उद्योगांनी सांगितलेला टनामागचा खर्च प्रत्यक्षात कुठच्या कुठे खाली आला. कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने स्वस्तात पोहोचू लागला, आणि वायू सोडण्याचे परवाने विकता-घेता येत असल्यामुळे ज्याला स्वस्तात जमेल त्याने जास्त वायू अडवला. नियम आल्यावर माणसे डोके चालवतात, हे विश्लेषणाच्या तक्त्यात घालणे कठीण असते. शिवाय खर्चाची माहिती बहुधा ज्याच्यावर नियम लागणार त्याच्याकडूनच येते.

म्हणून नियम लागू झाल्यावर पुन्हा मोजा, असे जवळपास प्रत्येक मार्गदर्शिका सांगते. ब्रिटनने 2015 च्या कायद्याने उद्योगांवरील नव्या दुय्यम नियमांत पाच वर्षांनी आढावा घेण्याचे कलम घालणे अपेक्षित केले. ओबामा यांनी 2011 मध्ये जुन्या नियमांच्या फेरतपासणीचा आदेश काढला. दोन्हीकडे ही फेरतपासणी करण्याची जबाबदारी ज्या खात्याने मूळ नियम आणि मूळ अंदाज केला, त्याच्याकडेच राहिली.